सांभाळणाऱ्या बाईच्या नावानंही एक केसपेपर काढा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद) आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय : स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना घरी सांभाळणाऱ्यांना मदत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावची सून. घरी शिलाई मशीनवर ब्लाउज, फॉल-पिकोची कामं करते. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. सासूबाईंना अल्झायमर आहे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. तो बरा करणारं औषध आज जगात कुठंही नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि मी ते मान्य केलं आहे. म्हणून या पत्रात मी सासूबाईंसाठी काही मागत नाही. खानदेशातल्या घराघरांत अशा माणसांना जे कोणी सांभाळतं, त्यांच्यासाठी मागते आहे. त्यात बहुतेक सुना आहेत, काही लेकी आहेत, काही म्हातारे नवरे आहेत, आणि कुठं कुठं शाळा सोडून घरी बसलेली नातसुद्धा आहे.

दवाखान्यात पेशंट दाखल असला की सिस्टर पाळीपाळीनं बदलतात. घरी पाळी बदलत नाही. सासूबाई रात्री उठून दाराची कडी काढायला बघतात, गॅसचं बटण फिरवतात. जेवून तास होत नाही तोच शेजारी जाऊन सांगतात, "माले कोनी जेवाले दिन्हं नही." त्या खोटं बोलत नाहीत. जेवल्याची नोंदच त्यांच्या मेंदूत राहत नाही. पण ऐकणारी शेजारीण सुनेकडं ज्या नजरेनं बघते, ती नजर दिवसभर सोबत राहते.

दिवेलागणीला त्यांची घालमेल वाढते. या आजारात संध्याकाळी असं होतं, हे मला नंतर कळलं. पिशवी भरून त्या ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात, "भाऊ लेवाले उना का?" आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघणं चाललेलं असतं. तो भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. कुणी खरं सांगितलं तर ती बातमी त्यांना दर वेळी नवी असते आणि त्या दर वेळी नव्यानं रडतात. "येई तो, आत्याबाई. तवलगुन ह्या शेंगा सोली ल्या," असं म्हणून सूप पुढ्यात ठेवलं की हात कामाला लागतात आणि मन निवतं. ही युक्ती मला शेजारच्या गावातल्या एका सुनेनं सांगितली. तिच्या सासऱ्यांना हाच आजार होता. ज्यांचं हे सांगण्याचं काम आहे, त्यांच्यापैकी कुणी आमच्या दाराशी आलेलं नाही. माझा भाऊ दर आखाजीला फोन करतो. सासूबाईंना कुणाकडं ठेवून जाऊ?

ही एका घराची कथा असती तर मी आपला वेळ घेतला नसता. देशपातळीवर झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. ज्या गावात साठीपुढची तीनशे माणसं आहेत, तिथं या हिशोबानं वीसेकांना हा आजार असणार. ती माणसं आपल्या ओपीडीत दिसत नाहीत. ती मागच्या खोलीत आहेत, खळ्यातल्या झोपडीत आहेत, कडी लावलेल्या दाराआड आहेत. साठी बुद्धी नाठी म्हणून घरचे सोडून देतात, किंवा घरात लग्नाची मुलगी आहे, वेडाचं घराणं म्हणून सोयरीक मोडेल, या भीतीनं लपवतात. गावात बोलायला बसलं की प्रत्येक आळीत एक तरी घर निघतंच.

आता मुद्द्याचं. मी नवीन योजना मागत नाही, कारण बरंचसं आधीच लिहून ठेवलेलं आहे. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? हा प्रश्न ज्यानं त्या फॉर्मात घातला, त्याचे मी मनापासून आभार मानते. पण या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं तर पुढं काय? आमच्या गावात पुढं काहीच झालं नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात वृद्धांची स्वतंत्र ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, असं त्यात आहे. उपकेंद्राच्या कामात तर स्पष्ट लिहिलं आहे की घरात पडून असलेल्या वृद्धाला घरी जाऊन भेटायचं आणि त्याला कसं सांभाळायचं हे घरच्यांना शिकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली स्मृतिभ्रंशासाठी जो कृती आराखडा केला, त्यातल्या सात भागांपैकी एक अख्खा भाग सांभाळणाऱ्यांना आधार देण्यासाठी आहे. कागदावर आम्ही आहोत. तिथून आमच्या ओट्यापर्यंत यायचं तेवढं बाकी आहे.

ते कसं यायचं, याचं उदाहरण जवळच गोव्यात आहे. तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना थोडं प्रशिक्षण दिलं. त्या सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा तरी, घरी जात. आजार काय आहे ते सांगत, चिडचिड झाली तर काय करायचं ते दाखवत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत, गरज पडली तर डॉक्टरशी गाठ घालून देत. ज्या घरी त्या गेल्या, तिथल्या सांभाळणाऱ्यांचा मनावरचा ताण कमी झाला. त्यासाठी ना मोठं हॉस्पिटल लागलं ना महागडं मशीन. अशा बाया आपल्याकडं नाहीत का? बचत गटांत शिकलेल्या, बोलक्या, गावाला माहीत असलेल्या कितीतरी आहेत. फक्त हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नका. त्यांच्याकडं आधीच सर्वेक्षणांचा ढीग आहे. ज्या बाईला हे काम द्याल तिला त्याचा ठरावीक मोबदला द्या, नाहीतर एका थकलेल्या बाईचा भार दुसऱ्या थकलेल्या बाईवर जाईल, एवढंच होईल.

निदानाबद्दल थोडं. आता आपल्या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं आठवड्यातला एक दिवस स्मृतीच्या तपासणीसाठी ठेवा आणि महिन्यातून एकदा तेच पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला एस.टी.नं जिल्ह्याला नेणं, तिथल्या रांगेत उभं करणं, अनोळखी गर्दीत त्याला धरून ठेवणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं आहे त्यालाच कळतं. तपासणीचे प्रश्नही आमच्या म्हाताऱ्यांच्या जगातले असावेत. शाळेत न गेलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत आजची तारीख विचारली आणि शंभरातून सात वजा करत जा म्हटलं, तर ती धडधाकट असली तरी गोंधळेल. तिला विचारा की कानबाई (श्रावणात घरी बसवतात ती खानदेशची देवी) बसायला किती दिवस राहिले, बाजार कोणत्या वारी भरतो, धाकट्या लेकीला कुठं दिलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हेच भिलीत आणि पावरीत विचारावं लागेल. आणि तपासणी लवकर व्हायला हवी, कारण विसरण्याची काही कारणं औषधानं सुधारतात : बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, कधी चालू असलेली एखादी गोळीच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण हे वाचणाऱ्या सुनेलाही उपयोगी पडेल. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. हा आजार झालेलं माणूस तहान लागली तरी सांगत नाही, पाणी प्यायचं विसरतं. कालपर्यंत घरच्यांना ओळखणारा माणूस एका दिवसात एकाएकी बरळायला लागला, किंवा नुसता पडून राहायला लागला, तर आजार वाढला असं समजून बसून राहू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, सोडियम उतरलं असेल. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि रात्री झोपत नाही म्हणून मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका. तिनं तोल जातो, माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग अंथरुणातून उठणं मुश्किल होतं. उष्माघाताचे फलक आपण दर वर्षी लावता, त्यावर या दोन ओळी घालायला वेगळा खर्च येणार नाही.

सगळ्यात मोठी मागणी वेळेची आहे. आठवड्यातून दोन दिवस, दुपारचे चार तास, सासूबाईंना सुरक्षित बसवता येईल अशी एक खोली. मोठ्या गावात एक, छोट्या चार-पाच गावांत मिळून एक. इमारत बांधायची गरज नाही. दुपारनंतर अंगणवाडी रिकामी असते, समाजमंदिरं कुलूपबंद असतात, पटसंख्या घटल्यानं झेडपीच्या शाळांतल्या खोल्या ओस पडलेल्या आहेत. फाटकाला वरच्या बाजूला कडी, संडासाला आतून कडी नको, भिंतीला धरायला दांडा, पंखा, प्यायचं पाणी आणि शिकवून तयार केलेल्या दोन बाया. म्हाताऱ्यांना निवडायला धान्य द्या, वळायला वाती द्या, ओव्या आणि कानबाईची गाणी म्हणू द्या. कालचं आठवत नाही, पण लहानपणीचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत येतं, हे मी रोज बघते. हात चालत असले की भीती कमी असते.

त्या चार तासांत मी काय करीन? झोपेन. माझ्या बीपीची गोळी आणीन. घेतलेली शिलाई वेळेवर देईन. माझ्यासारखीच दुसरी एक कापूस वेचायला जाईल. वेचणीचे दिवस गेले की ती मजुरी वर्षभर परत मिळत नाही. सांभाळणारीचं घरातलं काम कुणी पैशांत मोजत नाही, पण तिची बुडालेली मजुरी तरी मोजता येते.

पैशाचा विषय निघालाच आहे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ही चांगली गोष्ट आहे, पण ते दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचा खर्च घरी होतो : डायपर, औषधं, ओले कपडे धुण्याचा साबण, सांभाळायला बसल्यामुळं बुडालेलं काम. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे तीन हजार एकदाच मिळतात. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार ज्या घराला मिळतात, त्यांचाही मोठा भाग यातच जातो. केरळ सरकारनं आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरवले. रक्कम लहान आहे. तरी ती सांभाळणाऱ्याच्या नावानं आहे, आणि मला त्याचं मोल त्या रकमेपेक्षा जास्त वाटतं. आपल्याकडंही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. तो भत्ता मिळालेलं घर मी अजून बघितलेलं नाही. आपल्या अधिकारात जेवढं येतं तेवढं तरी करा : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं दिव्यांग प्रमाणपत्र तालुक्याला शिबिर घेऊन द्या, अंथरुणावर असेल तर घरी येऊन द्या, आणि ग्रामपंचायतींच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी या घरांपर्यंत पोचतो का, ते तपासा.

कायद्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हे योग्यच आहे. जी टाकून देत नाही, तिच्यासाठी मात्र त्यात एक ओळही नाही. त्या कायद्यानं मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर जबाबदारी टाकली. प्रत्यक्षात अंघोळ घालणारी, घास भरवणारी सून त्यात धरलेलीच नाही. आणि एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही ती मी बोलते. रात्र-रात्र जागलेलं माणूस कधी ओरडतं, हात धरून ओढतं, कुठं हातही उगारला जातो. म्हाताऱ्या माणसावरचा अत्याचार थांबवायचा असेल तर पोलिसांचा नंबर जेवढा लागतो, तेवढीच सांभाळणाऱ्याला झोप लागते.

म्हणूनच केसपेपरची गोष्ट. सासूबाईंना दाखवायला नेलं की त्यांचं नाव, वय, वजन, बीपी सगळं लिहिलं जातं. शेजारी उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारत नाही की तुला झोप किती लागते, पाठ दुखते का, जेवतेस का वेळेवर, जगणं नकोसं वाटतं का. रुग्णाबरोबर तिच्याही नावानं एक कागद निघाला पाहिजे, प्रत्येक भेटीला. हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. गरज असेल तिला तिथंच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समुपदेशकाकडं पाठवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे नंबर तिच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापा. भिंतीवरचं पोस्टर वाचायला ती थांबू शकत नाही, तिच्या हातात म्हातारा माणूस असतो.

हरवण्याचा विषय पोलिसांचा आहे, पण जिल्हाधिकारी म्हणून आपण तो हाती घेऊ शकता. या आजारात माणूस घराबाहेर पडतं आणि चालत राहतं. आपल्याकडं उघड्या विहिरी आहेत, पाटाचं पाणी आहे, आणि भुसावळसारखं जंक्शन आहे, जिथून गाडीत बसलेला माणूस सकाळी दुसऱ्या राज्यात उतरतो. गावोगावच्या पोलीस पाटलांकडं अशा माणसांचा फोटो आणि घरचा नंबर आधीच असावा. घरच्यांना हवा असेल तर नंबर कोरलेलं कडं आरोग्य केंद्रातून मिळावं. स्टेशनवरच्या आणि बसस्थानकावरच्या पोलिसांना एवढं शिकवा की घरचा पत्ता न सांगता येणारा म्हातारा दारू प्यायलेला किंवा भिकारी असेलच असं नाही.

पत्र खुलं आहे, म्हणून दोन वाक्यं भाऊबंदांसाठी, नणंदा-दीर-जेठांसाठीही. कानबाईच्या रोटाला तुम्ही येता, तासभर बसता, सासूबाई तुमच्याशी छान बोलतात आणि तुम्ही म्हणता, "हिला काय झालंय? चांगली तर आहे." परक्यासमोर थोडा वेळ सावरून वागणं या आजारात होतं, तुमची पाठ फिरली की त्याची भरपाई रात्री होते. त्यांना चार दिवस तुमच्या घरी नेतो म्हणू नका, नव्या घरात त्या जास्त घाबरतात. तुम्ही इथं येऊन राहा आणि जी सांभाळते तिला जाऊ द्या.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा. शाल-नारळाचा सत्कार जरूर करा. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत मात्र हा विषय विषयपत्रिकेवर घेण्याचं पत्र आपल्या तिन्ही जिल्हा परिषदांकडून प्रत्येक ग्रामपंचायतीला जावं : गावात अशी किती घरं आहेत, दुपारची खोली कोणती देता येईल, शिकवायला कोणत्या दोन बाया तयार आहेत. नावं जाहीर वाचू नयेत, ती आरोग्यसेविकेकडं राहावीत.

आमच्यापैकी कुणी आपल्या कार्यालयात निवेदन घेऊन येऊ शकणार नाही, कारण घराबाहेर पडायला मागं बसणारं दुसरं माणूस लागतं. आपल्याला आमच्याशी बोलायचं असेल तर बैठक गावातच घ्या, दुपारी दोन ते चारच्या मध्ये. येताना शिकलेल्या चार-पाच बाया बरोबर आणा आणि त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्या. बैठक संपेपर्यंत त्या आमच्या घरी बसतील.

आपली,
एक सून
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव